बायकांनी लिहिलेल्या भयकथा: वाचनगटासाठी काय निवडावं?

नीरजा_बडोदे

आमचा बडोद्याच्या दांडिया बाजारातला मराठी वाचनगट दर पावसाळ्यात एक विषय धरून वाचतो. या वेळी चिठ्ठी निघाली 'भय'. लगेच धारप, मतकरी ही नावं आली. जीए मागेच वाचून झालेत. मी म्हटलं, यंदा फक्त बायकांनी लिहिलेलं वाचू या. त्यावर गटातले एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "मग एका बैठकीत आटपेल." तेवढ्यात चहा आला आणि विषय तिथेच राहिला, म्हणून इथे धागा काढतेय.

इंग्रजीतल्या या प्रकाराची सुरुवात १७६४ साली होरेस वॉलपोलने केली हे मान्य. पण पुढे ते दुकान चालवलं बायकांनीच. अ‍ॅन रॅडक्लिफला 'द मिस्टरीज ऑफ युडोल्फो'साठी १७९४ साली ५०० पौंड मिळाले आणि त्यानंतरच्या 'द इटालियन'साठी ८००. कादंबरी लिहून असे पैसे मिळणं त्या काळी अपवादच होता.

युडोल्फो जाडजूड आहे, गटाला झेपणार नाही. पण त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. एमिली नावाची पोरकी मुलगी. तिची आत्या माँटोनी नावाच्या माणसाशी लग्न करते आणि तो दोघींना डोंगरातल्या किल्ल्यात नेऊन ठेवतो. तिथे अंधारे जिने, रात्रीचे आवाज, काळ्या पडद्याआड लपवलेलं काहीतरी, सगळा सरंजाम आहे. शेवटी कळतं की पडद्यामागे मेणाचा पुतळा होता. रॅडक्लिफबाई प्रत्येक भुताचा असा रीतसर उलगडा करतात. उलगडा होत नाही तो माँटोनीचा, कारण त्याच्यात उलगडण्यासारखं काही नाहीच. त्याला आत्याची इस्टेट नावावर करून घ्यायला तिची सही हवी आहे. आत्या सही देत नाही, तर तो तिला बुरुजात कोंडतो. ती तिथेच मरते. मग तोच कागद एमिलीसमोर येतो.

भूत खोटं आणि कागद खरा! मला वाचताना आपल्याकडचं हक्कसोडपत्रच दिसत होतं. लग्न झालेल्या बहिणीला माहेरी जेवायला बोलवायचं आणि पानं उचलली की ताईपुढे पेन ठेवायचं.

तर मला असं वाटतं की बायकांच्या भयकथेत घर महत्त्वाचं असतं आणि ते घर आपलं नसतं. पुरुषाच्या कथेतला नायक एका रात्रीपुरता त्या बंगल्यात उतरतो. हिला तिथे नांदायचं असतं.

एका बैठकीत वाचून होईल असं सुचवा. मराठीतलं असेल तर फारच छान.

रावपुरेकर

नीरजाताई, ते ज्येष्ठ सदस्य मी नव्हे. पण असतो तर हेच म्हणालो असतो.

भयकथा अंगावर काटा आणते किंवा आणत नाही. लिहिणारा हात बांगडीचा की घड्याळाचा, याने काय फरक पडतो? मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत मी कॉलेजात असल्यापासून जातोय. तिथल्या पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे. वर कुणी चाललं की खालच्याला पावलांची सावली दिसते. तिथे उभ्याने वाचलेल्या भुतांच्या गोष्टी अजून लक्षात आहेत आणि त्यातली कुठली कुणाची होती, हे मी तेव्हा पाहिलंही नव्हतं.

शर्ली जॅक्सनचं 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस' मात्र आठवतं, कारण अर्ध्यावर ठेवलं. शंभर पानं झाली तरी भूत नाही! बाई गाडी चालवतेय आणि वाटेतली घरं बघत बसलीय.

भुतावळ

'रिबेका' घ्या की. दाफ्ने द्यू मॉरिए, १९३८. गटातल्या निम्म्या लोकांनी 'कोहरा' पाहिलेला असणार, वहिदा रेहमानचा, १९६४चा. तो त्यावरूनच घेतलाय. मेलेल्या पहिल्या बायकोचं नाव पुस्तकाला आणि जिवंत दुसरीला नावच नाही! ती सांगतेय सगळं, पण तिचं नाव शेवटपर्यंत कळत नाही.

कंदील

धागा आवडला. मेरी शेलीचं नाव कसं राहिलं?

'फ्रँकेन्स्टाइन'ची जन्मकथा सगळ्यांना ठाऊक असते. १८१६चा जिनिव्हाजवळचा गारठलेला उन्हाळा, आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोरा फुटल्यामुळे बिघडलेली हवा, घरात अडकलेला कवी बायरन आणि त्याने काढलेली टूम, की प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहायची. हे सगळं छान आहे, पण ते पाहुण्यांच्या बाजूने सांगितलेलं आहे. बाळंतिणीच्या खोलीतून बघा.

मेरीचा जन्म ऑगस्ट १७९७मधला. तिची आई मेरी वुलस्टनक्राफ्ट, स्त्रियांच्या हक्कांवर पुस्तक लिहिणारी, त्या बाळंतपणातून उठलीच नाही. दहा-अकरा दिवसांत तापाने गेली. म्हणजे या मुलीचा वाढदिवस आणि आईचं वर्षश्राद्ध एकाच पंधरवड्यात. १८१५ साली मेरीला स्वतःला मुलगी झाली, दिवस भरायच्या आधीच, आणि काही दिवसांत ती गेली. त्यानंतर तिच्या रोजनिशीत एका स्वप्नाची नोंद आहे: बाळ मेलेलं नव्हतंच, नुसतं गार पडलं होतं, शेकोटीपुढे धरून चोळलं आणि ते जगलं.

त्यानंतर सव्वा वर्षाने ती मेलेल्या देहात जीव घालणाऱ्या माणसाची गोष्ट लिहायला बसते. वय १८.

पुस्तक १ जानेवारी १८१८ला आलं, ५०० प्रती, लेखकाचं नाव नाही. वॉल्टर स्कॉटने परीक्षणात ते पर्सी शेलीचं म्हणजे तिच्या नवऱ्याचं धरलं. रावपुरेकर, लिहिणारा हात कुणाचा हे तेव्हा लोक बघत होते हो. फक्त चुकीचा हात बघत होते.

रावपुरेकर

टाळी घ्या. पण फ्रँकेन्स्टाइन ही विज्ञानकथा आहे, भयकथा नव्हे.

कंदील

त्यावर वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

मावशीबाई

मी इथे वाचतेच जास्त, लिहीत नाही. पण कंदील यांनी बाळंतिणीचा विषय काढला म्हणून लिहिते.

आमच्या शियाबागेतल्या घरी बाळंतिणीच्या उशाशी विळा असायचाच. तिन्हीसांजेला तिला एकटी ठेवायची नाही, केस मोकळे सोडू द्यायचे नाहीत. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते म्हणत. ज्या घरात बाळंतपणं घरीच व्हायची आणि बायका जायच्याही, त्या घरात ही नुसती गोष्ट नव्हती हो. गेलेली कोण ते सगळ्यांना माहीत असायचं. तिचं लुगडं अजून ट्रंकेत असायचं.

दुपारी जेवणं उरकली की आमची आजी वाती वळायला बसे आणि आम्ही पोरी भोवती. तिची ठरलेली गोष्ट म्हणजे लांब हाताच्या सुनेची. तुम्ही ऐकली असेल, गावोगाव सांगतात. नवरा पानावर बसलाय, लिंबू मागतो. बायको जागची न उठता खिडकीतून हात लांब करते, लांब, लांब, पार परसातल्या झाडापर्यंत, आणि लिंबू तोडून पानात पिळते. तेव्हा नवऱ्याला कळतं की आपण हिच्याशी लग्न केलं ती माणूस नव्हे.

घरातले पुरुष हीच गोष्ट सांगत, तेव्हा पुढे मांत्रिक यायचा, झाड तोडायचं, हडळ बाटलीत भरायची. आजीच्या गोष्टीत मांत्रिक नव्हताच. ती म्हणे, "चुलीवर भाकरी, मांडीवर पोर, आणि हा पाटावरून हलत नाही. मग काय करेल ती? केला हात लांब." आम्ही हसत सुटायचो. आमच्या आया हसायच्या नाहीत. मग आजी सांगे की नवऱ्याने आरडाओरडा केला, ती बाई पोर उचलून निघून गेली आणि त्याला दुसऱ्या दिवसापासून लिंबू काय, पाणीही कुणी दिलं नाही.

आजीला लिहिता येत नव्हतं. तर ही भयकथा कुणाच्या नावावर घालायची ते तुम्ही शिकलेले लोक ठरवा.

कंदील

मावशी, साष्टांग नमस्कार. 'आमच्या आया हसायच्या नाहीत' इथे माझं वाचन थांबलं.

भुतावळ

+१. बैठकीत मावशीच हव्यात, पुस्तक कशाला!

टिपणवही

एका बैठकीत वाचून होईल असं हवं असेल तर शार्लट पर्किन्स गिलमनची 'द यलो वॉलपेपर', १८९२ची. दहा-बारा पानं, भूत म्हणावं असं काही नाही.

बाळंतपणानंतर मन बिघडलेल्या बाईला तिचा डॉक्टर नवरा हवापालटासाठी जुन्या बंगल्यात आणतो. वरच्या मजल्यावरची खोली देतो. खिडक्यांना गज आहेत, पलंग जमिनीला ठोकलेला आहे, भिंतीवर पिवळा कागद आहे. तिने लिहायचं नाही, विचार करायचा नाही, पडून राहायचं. ती चोरून लिहिते, तेच आपण वाचतो. हळूहळू तिला त्या नक्षीच्या मागे एक बाई दिसायला लागते, जाळी हलवणारी.

मला त्यातला एक तपशील फार आवडतो. भिंतीच्या खालच्या अंगाला एक ओरखडा आहे, खोलीभर गोल फिरलेला, काहीतरी पुन्हा पुन्हा घासत गेल्यासारखा. तो कशाचा, असं तिला सुरुवातीला नवल वाटतं. शेवटी ती स्वतः भिंतीला खांदा लावून रांगत गोल फिरते तेव्हा तिचा खांदा त्या ओरखड्यात बरोबर बसतो. तो आधीपासून तिथे होता की तिनेच पाडला, कथा सांगत नाही. त्या एका ओळीवर आख्खी बैठक होईल.

गिलमनने हे भोगलेलं होतं. वेअर मिचेल नावाच्या नामांकित डॉक्टरने तिला विश्रांतीचा उपचार देऊन घरी पाठवलं तेव्हा सांगितलं, की होईल तितकं घरात रमा, मूल सतत जवळ ठेवा आणि जन्मभर लेखणीला हात लावू नका. तीन महिने तिने ते पाळलं, आणि मग वेड लागायची वेळ आली तेव्हा सोडून दिलं. छापल्यावर कथेची प्रत तिने त्या डॉक्टरलाच पाठवली!

अवांतर: तांबेकर वाड्यात गेलात तर वरच्या खोल्यांतली भित्तिचित्रं नीट पाहा. भिंती, दारं, मोकळी जागा म्हणून नाही. लढाया, देव, कृष्णलीला. गिलमन वाचून गेले होते, तेव्हा मला चित्रांपेक्षा हाच प्रश्न पडला, की दिवाणांच्या घरातली एखादी आजारी बाई या भिंतींकडे तोंड करून किती दुपारी पडली असेल.

रावपुरेकर

कथा आजच वाचली. जमली आहे. ओरखड्याचं म्हणणं मान्य.

पण मूळ प्रश्न तसाच आहे. मराठीत काय? मावशींच्या आजी मोठ्याच, पण छापील नाव सांगा. धारपांच्या तोडीची एक बाई दाखवा. इंग्रजीत बायका १७९४ला लिहीत होत्या म्हणता, मग आपल्या लेखिका काय करत होत्या?

टिपणवही

चांगला प्रश्न आहे आणि माझ्याकडे त्याचं एक उत्तर आहे. पटलं तर घ्या.

आपल्या लिहित्या बायकांची पहिली पिढी भुताखेतांपासून सुटका करून घेण्यात गुंतलेली होती. शिकलेल्या बाईने अंगात येणं, उतारे, व्रतवैकल्यं, सोवळं यांच्या विरुद्ध लिहायचं, ही त्या काळची अपेक्षा. ताराबाई शिंदे १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहितात तेव्हा राग सगळा जित्या पुरुषांवर आहे, मेलेल्यांची गरजच नाही. अशा वेळी एखादीने हडळीची गोष्ट लिहिली असती तर लोक म्हणाले असते, बघा, शिकली तरी बाई ती बाईच.

आणि दुसरं. विभावरी शिरूरकरांचं 'कळ्यांचे निःश्वास' १९३३चं. त्यात भूत नाही, खून नाही. नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या शिकलेल्या मुलींच्या मनातलं लिहिलं आणि महाराष्ट्र पेटला. ही विभावरी कोण, पुरुष तर नव्हे, याचा शोध सुरू झाला. बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांना टोपणनाव घ्यावं लागलं ते एवढ्यासाठी. ब्राँटे बहिणींच्या कादंबऱ्या १८४७ साली बेल आडनावाच्या पुरुषी नावांनी आल्या, व्हायलेट पॅजेटच्या भुताच्या कथा व्हर्नन ली या नावाने आल्या. त्याच रांगेतलं हे. साधं मन उघडं करायला बुरखा लागत होता, तिथे भूत कुठून काढणार?

नीरजा_बडोदे

टिपणवही, हे फार पटलं. आणि मग रॅडक्लिफचे ते उलगडेही वेगळे दिसायला लागतात. तीही शहाणी बाई म्हणूनच लिहीत होती. भूत आणायचं, पण शेवटी मेणाचा पुतळा दाखवायचा, म्हणजे अब्रूही राहते आणि माँटोनीही सांगून होतो.

मावशीबाई

अजून एक. भूत लिहिणं बाईला महाग पडतं, कारण तिला स्वतःलाच भूत ठरवतात. इथे पंचमहालाकडे, डांगात डाकण म्हणून बायकांना मारलेलं आम्ही आयुष्यभर पेपरात वाचत आलो. बहुतेक वेळा एकटी विधवा आणि नावावर जमीन. नीरजाचा तो कागद इथेही आहेच. महाराष्ट्रात २०१३ला जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला, गुजरातेत २०२४ला.

कंदील

मावशींच्या या प्रतिसादानंतर जॅक्सनची 'द लॉटरी' वाचून पाहा. गावचे लोक दरवर्षी चिठ्ठ्या टाकतात आणि चिठ्ठी ज्याला लागेल त्याला दगडांनी मारतात. शेजारीपाजारी सगळे, गप्पा मारत. जून १९४८मध्ये 'न्यूयॉर्कर'मध्ये आली आणि त्या उन्हाळ्यात तिला तीनशेवर पत्रं आली. बहुतेक शिव्या घालणारी. काहींनी हे नेमकं कुठल्या गावात चालतं, बघायला जाता येईल का, असंही विचारलं होतं!

कथा सुचली तेव्हा ती बाजारातून सामान घेऊन बाबागाडी ढकलत चढ चढत होती, असं तिनेच सांगून ठेवलंय. चार पोरांची आई. पोरांच्या खोड्यांवर तिने विनोदी लेखही लिहिले आणि तेही तडाखेबंद खपले.

शेवंती

पहिल्यांदाच लिहितेय. रावपुरेकर काका, हिल हाउस अर्धवट सोडू नका.

एलेनॉर ३२ वर्षांची आहे. ११ वर्षं तिने अंथरुणाला खिळलेल्या आईचं केलंय. आई रात्री भिंतीवर ठोकून हाक मारायची. एका रात्री आईने ठोकलं असेल आणि ही उठली नसेल, आणि आई गेली. ऐकू आलं होतं की नाही, हे तिचं तिलाही नक्की सांगता येत नाही. मग ती त्या पछाडलेल्या घरात येते आणि दुसऱ्या रात्री काय होतं? भिंतीवर, दारांवर थापा. अर्धवट झोपेत ती म्हणते, आले, आई, आले.

मी माझ्या सासूबाईंचं शेवटपर्यंत केलं. त्यांच्याकडे स्टीलचा पेला असायचा, तो पलंगाच्या दांडीवर वाजवायच्या. त्यांना जाऊन बरेच दिवस झाले तरी रात्री शेजारी कुणाच्या घरी भांडं पडलं की मी उठून बसत असे. पायात चप्पल सरकवेपर्यंत लक्षात यायचं नाही. हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काय आहे? जॅक्सनबाईंनी १९५९ साली ते लिहून ठेवलं होतं.

आणि काका, ती गाडी चालवत नुसती घरं बघत नाहीये. ती गाडी बहिणीच्या आणि तिच्या सामाईक पैशाची आहे. बहीण-मेहुणे द्यायला तयार नसतात. निम्मी माझी आहे म्हणत ती गाडी काढून आणते. वाटेतल्या प्रत्येक घरात मनातल्या मनात आपला संसार मांडून बघते. तिला स्वतःचं घर कधी नव्हतंच. म्हणून तर शेवटी ते भयंकर घर तिला सोडवत नाही. भुतांना भिऊन पळणारे बाकीचे सगळे आपापल्या घरी जाऊ शकतात.

नीरजा_बडोदे

शेवंती, लिहीत राहा. निम्मी गाडी माझ्या लक्षातच आली नव्हती.

भुतावळ

'जेन एअर' कादंबरीतल्या माळ्यावरची बर्था, म्हणजे नायकाची बायको, तीपण याच हिशेबात धरा. ३०,००० पौंड घेऊन आली आणि माळ्यावर कोंडली गेली. जीन ऱ्हिसने १९६६ला तिच्या बाजूने 'वाइड सारगासो सी' लिहिलं. टोनी मॉरिसनचं 'बिलव्हेड' तर घर आणि मालकी यांवरचंच आहे, तिथे गुलाम बाईच मालकीची वस्तू आहे. पण ते एका बैठकीचं काम नाही. अर्जेंटिनाची मारिआना एन्रिकेझ सध्या मी वाचतोय, कथा छोट्या आहेत, रात्री वाचू नका.

रावपुरेकर

हिल हाउस पुन्हा काढलं, या वेळी पुरं केलं. तुमच्या गाडीच्या भागात आता घाई वाटली नाही.

तरी माझं म्हणणं सोडत नाही. घर बिघडलंय की ती मुलगी, याचा निकाल बाई देत नाहीत, आणि मला निकाल लागतो. धारपांकडे दिवा लावला की अंधार जातो, भुतांना हरवणारे त्यांचे समर्थ येतात, वाचक झोपू शकतो. नीरजाताई म्हणतील की पाटावर बसलेल्याला दिवा लावून मिळतो. म्हणा. बैठकीला येऊ का?

नीरजा_बडोदे

या की काका! पहिल्या बैठकीला गिलमन ठरली. मूळ इंग्रजीतून वाचू आणि बोलणं मराठीत. दुसरीला 'द लॉटरी'. हिल हाउससाठी श्रावण गाठावा लागेल, शेवंती मांडणी करणार आहे. लीला चिवडा तुमच्याकडे.

प्राजक्ती_ठाणे

ठाण्याहून वाचतेय. ऑनलाइन जोडता येईल का? मावशींची लिंबाची गोष्ट ऐकायची आहे.

नीरजा_बडोदे

गिलमनच्या दिवशी लिंक देते. मावशींनी मात्र कॅमेऱ्यापुढे सांगायला साफ नकार दिलाय. त्यांच्यासाठी बडोद्यालाच यावं लागेल, आणि त्या वाती वळत सांगणार आहेत, तेव्हा कापूस घेऊन या.